देहाची साक्ष आणि आमचे कान

दरवर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला की आम्ही धर्मगुरू मंडळी अविलाच्या संत तेरेझेवरील जुन्या प्रवचनाची वही बाहेर काढतो. त्या प्रवचनाचा साचा ठरलेला आहे. हुतात्मा होण्यासाठी धाकट्या वयात भावासह घर सोडून निघालेली मुलगी, मग मठप्रवेश, मग 'दीर्घ आजारपण तिने धीराने सोसले' हे एक वाक्य, आणि मग प्रार्थना, साक्षात्कार, नव्या मठांची स्थापना. पंचवीसेक वर्षे आम्हीही हेच प्रवचन करीत आलो. आजारपणाचे ते वाक्य उच्चारण्यास आम्हांला कधी चार-पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला नसेल. तेरेझेने मात्र त्या एका वाक्याच्या जागी आपल्या आत्मचरित्राची, तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची, बरीच पाने खर्ची घातली आहेत. तिने इतके लिहिले आणि आम्ही इतके थोडे वाचले, असे का व्हावे, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

हा विषय आम्हांला एका तरुणीने सुचविला. तिच्या अनुमतीने, आणि ओळख पटेल असा तपशील गाळून, तो प्रसंग नमूद करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील, विशी ओलांडलेली ही मुलगी आम्हांला भेटावयास आली. सकाळी उठताना बोटांचे सांधे आखडतात, संध्याकाळी अंगात कणकण असते, तोंड येते, केस मुठीने गळतात, उन्हात गेल्यावर गाल लाल होतात, आणि या सर्वांवर कडी म्हणजे झोपेनेही न जाणारा थकवा. प्रत्येक तक्रारीसाठी ती वेगळ्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. एकाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने मलम दिले, तिसऱ्याने 'टेन्शन घेऊ नका' असे सांगितले. घरच्या वडीलधाऱ्यांचे मत असे पडले की, लग्न झाल्यावर सारे ठीक होईल. तिच्या हातात शाळकरी वही होती. तीत तारीखवार नोंदी होत्या. ती वही तिने आमच्यापुढे सरकविली. आम्ही दोन पाने चाळली, खणातून संत तेरेझेचे चित्रकार्ड काढून तिच्या हाती दिले आणि उपदेश केला की, या संतिणीने तुझ्याच वयात याहून कितीतरी सोसले, पण कधी कुरकूर केली नाही. तूही हे दुःख प्रभूच्या चरणी अर्पण कर. ती कार्ड घेऊन गेली.

सुमारे दीड वर्षाने तिच्या पायांवर सूज आली आणि मूत्रपिंडाला बाधा झाल्याचे आढळले. तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी त्या वहीतील सर्व नोंदी एकत्र वाचल्या, तपासण्या करविल्या आणि ल्यूपस या विकाराचे निदान केले. शरीराची संरक्षणव्यवस्था या विकारात शरीरावरच उलटते. सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी लक्षणे एकाच वेळी किंवा आलटूनपालटून उमटतात. आणि तरुण स्त्रियांत तो पुरुषांच्या मानाने कितीतरी अधिक आढळतो. आज ती उपचारांवर आहे, नोकरीही करते. तिने आम्हांला दोष दिला नाही. मधल्या काळात तिने तेरेझेचे आत्मचरित्र मिळवून वाचले होते. तिने एवढेच विचारले, "फादर, तेरेझा गप्प राहिली असं तुम्ही म्हणाला होता. पण हिने तर सगळं सांगितलंय. तुम्ही हे वाचलं होतं का?"

वाचले होते, सेमिनरीत, ॲलिसन पीअर्स यांच्या इंग्रजी अनुवादातून. परंतु प्रार्थनेच्या चार पाण्यांचा प्रसिद्ध दृष्टान्त अकराव्या प्रकरणापासून सुरू होतो आणि परीक्षेत प्रश्न त्यावर येत असे. त्यामागची प्रकरणे आम्ही चाळली होती, जशी पुढे त्या मुलीची वही चाळली.

आता हे पुस्तक पाहू. तेरेझेचा जन्म १५१५ चा. आत्मचरित्र तिने आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांच्या आज्ञेवरून १५६२ मध्ये प्रथम लिहिले आणि १५६५ च्या सुमारास वाढवून पुन्हा लिहिले. म्हणजे विशीतील आजाराविषयी पन्नाशीची स्त्री लिहीत आहे, आणि तिचे पहिले वाचक हे तिचे परीक्षकही आहेत. हस्तलिखित पुढे काही वर्षे धर्मन्यायालयाच्या ताब्यात राहिले. तेरेझा १५८२ मध्ये निवर्तली. त्यानंतर सहा वर्षांनी, १५८८ मध्ये, फ्राय लुईस दे लेऑन यांनी तिचे साहित्य सालामांका येथे छापून प्रसिद्ध केले. अशा वाचकांपुढे आपल्या ओकाऱ्यांचा आणि लुळ्या पडलेल्या अवयवांचा हिशेब मांडण्यात तिची कोणतीही प्रतिष्ठा वाढणार नव्हती. तरी तिने तो मांडला.

आजाराची सुरुवात मठप्रवेशापूर्वीची आहे. मुलींच्या शिक्षणासाठी तिला ज्या मठात ठेवले होते, तेथून आजारामुळे तिला घरी परतावे लागते. पुढे ताप आणि मूर्च्छा येऊ लागतात. वडिलांचा विरोध पत्करून ती कार्मेल संघाच्या मठात जाते, व्रते घेते. तेथील बदललेल्या राहणीने आणि आहाराने प्रकृती ढासळते. मूर्च्छा वाढतात, पाहणाऱ्यांना धडकी भरावी अशी कळ हृदयात येऊ लागते, आणि तिच्या जोडीला इतर अनेक दुखणी. अविलाचे वैद्य हात टेकतात. वडील दोन आलोन्सो तिला बेसेदास या गावी नेतात. तिथल्या उपचारांची तेव्हा मोठी ख्याती होती. सोबत मठातील मैत्रीण हुआना सुआरेस. तिथे तिला जवळजवळ महिनाभर रोज रेचके देण्यात येतात. उपचारांनी ती अर्धमेली होते. अन्न जात नाही, सतत ताप, शिरा आखडून असह्य वेदना, रात्रंदिवस चैन नाही; हृदयाला कोणी तीक्ष्ण दातांनी धरल्यागत होते, इतके की ही पिसाळल्याची बाधा असावी अशी भीती भोवतालच्यांना वाटते. अविलाला परत आणल्यावर वैद्य या साऱ्यात क्षयाची भर घालतात.

ऑगस्ट १५३९, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्या रात्री तिला असा झटका येतो की ती सुमारे चार दिवस बेशुद्ध राहते. अभ्यंगसंस्कार होतो. मठात तिच्यासाठी कबर उघडून ठेवली जाते. दुसऱ्या एका मठात तिच्यासाठी मृतांची उपासनाही उरकली जाते. ती शुद्धीवर येते तेव्हा पापण्यांवर मृतासाठी लावलेल्या मेणाचे अंश असतात. जीभ स्वतःच्याच दातांनी फाटलेली, घशातून पाणी उतरत नाही, अंगाचा गोळा झालेला. उजव्या हाताचे एक बोट काय ते हलते. स्पर्श सहन होत नसल्याने तिला चादरीत घालून, दोन टोकांना दोघींनी धरून हलवावे लागते. पुढे चौथ्या दिवशी उलटणारा हिवताप. पूर्ण लुळेपणा आठ महिने. हळूहळू ओसरत गेलेला, पण जवळजवळ तीन वर्षे. हातापायांवर रांगता येऊ लागले तेव्हा तिने देवाचे आभार मानले. त्यानंतरही सकाळच्या ओकाऱ्या वीस वर्षे राहिल्या.

हा वृत्तान्त वाचताना आम्हांला सर्वांत अधिक जाणवली ती त्याची मांडणी. तेरेझा लक्षणांची सरमिसळ करीत नाही. कोणते दुखणे आधीचे, कोणते उपचारांनी वाढले, कोणते नवे, कोणते मागे उरले, हे ती वेगळे सांगते. तिच्याजवळ निदान नव्हते; क्रम होता. तसेच देहाला काय झाले, माणसांनी काय केले आणि देवाने काय दिले, ही तीन सूत्रे तिने एकमेकांत गुंतू दिली नाहीत. औषधे आपल्या प्रकृतीला झेपणारी नव्हती, हे ती स्पष्ट लिहिते. ते दैवी इच्छेच्या नावाखाली झाकत नाही. सहनशक्तीचे श्रेय ती देवाला देते, संत ग्रेगरी यांनी योबाच्या ग्रंथावर केलेल्या विवेचनाच्या वाचनाने बळ मिळाल्याचे सांगते. परंतु त्या श्रेयाच्या ओघात वेदनेची यादी आखूड करीत नाही. धीर आणि मौन या दोन गोष्टी एकच आहेत, हे आमच्या प्रवचनातील गृहीतक तिच्या पानांत कोठेही सापडत नाही.

भोवतालच्या माणसांची चित्रे याच पानांत आहेत आणि ती धर्मगुरूला अस्वस्थ करणारी आहेत. स्वर्गोन्नयनाच्या दिवशी तिला पापनिवेदन करावयाचे होते. वडिलांनी करू दिले नाही. मुलगी मरणाच्या भीतीने बोलते आहे असे त्यांना वाटले, आणि ती भीती वाढू नये म्हणून त्यांनी मायेने नकार दिला. त्याच रात्री ती बेशुद्ध झाली. अशा अतिरेकी मायेने आपले केवढे नुकसान होऊ शकले असते, हे तेरेझा लिहिते. आणि वडिलांचे प्रेमही नाकारीत नाही. तरुण स्त्री आपल्या देहाविषयी काही सांगते तेव्हा 'ती घाबरली आहे' असे समजण्याची रीत किती जुनी आहे!

दुसरे चित्र बेसेदासच्या धर्मगुरूचे. ती त्यांच्याकडे पापनिवेदनास जाते. ते तिच्यावर लोभ करू लागतात, आणि थोड्याच दिवसांत तेच तिला आपली कहाणी सांगू लागतात. एका स्त्रीशी असलेले त्यांचे अनुचित संबंध, तिने गळ्यात घालावयास दिलेली तांब्याची छोटी मूर्ती. तेरेझा ती मूर्ती मागून घेते आणि नदीत टाकविते. धर्मगुरू त्या संबंधातून सुटतात, आणि भेटीनंतर बरोबर एका वर्षाने मरण पावतात. चरित्रकार हा प्रसंग तिच्या पुण्याईचा पुरावा म्हणून सांगतात, आणि तसा तो आहेही. आम्हांला यंदा त्यात आणखी एक गोष्ट दिसली. रोज रेचके घेणारी, मरणाच्या दारातील तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी ऐकून घेण्याचे काम करते आहे, आणि ज्याने ऐकावयाचे तो बोलतो आहे. याच प्रकरणात तेरेझा अर्धवट शिकलेल्या पापनिवेदकांविषयी तक्रार करते. खऱ्या विद्वानाने आपल्याला कधी फसविले नाही, नुकसान केले ते थोडे जाणणाऱ्यांनी, असा तिचा अनुभव आहे. हे मत प्रकृतीच्या संदर्भात नसून आत्म्याच्या संदर्भात आहे, हे खरे. पण आजाराच्या वृत्तान्ताच्या मधोमध ते यावे, हे आमच्या मते निव्वळ विषयांतर नव्हे.

तेरेझेच्या या पानांचे नंतरच्या काळात काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. चरित्रकारांनी त्यातून सहनशीलतेचे एक चित्र काढले आणि बाकी सोडून दिले. एकोणिसाव्या शतकात वैद्यकाने त्यावर हक्क सांगितला. १८८३ मध्ये येशूसंघाचेच गिलोम हान यांनी तिचे आजार उन्मादाचे, म्हणजे हिस्टेरियाचे, परंतु साक्षात्कार खरे, असा विभागणीचा निबंध लिहिला. तो पुढे निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. १८९५ मध्ये फ्रॉईड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात ब्रॉयर यांनी, तिच्या प्रतिभेचा आदर राखूनही, तिला त्या रोगाची जणू कुलदेवता ठरविले. विसाव्या शतकात कोणी अपस्मार म्हटले, कोणी न तापविलेल्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस. यांतील शेवटचे अनुमान लक्षणांशी बरेच जुळते असे वाटते. परंतु पाच शतकांपूर्वीच्या रुग्णाची रक्ततपासणी करता येत नाही, आणि धर्मगुरूने वैद्य होऊ नये. आमचा मुद्दा वाचनाचा आहे. चरित्रकार आणि उन्मादवादी एकमेकांचे विरोधक. दोघांची खोड मात्र एकच. दोघांनाही यादीतील एकच धागा हवा होता. एकाने पुण्य उचलले, दुसऱ्याने मन उचलले. दुखणारा सांधा आणि न उतरणारे पाणी दोघांच्याही हातून निसटले.

आमच्या भाविकांच्या मनावर मात्र थोरल्या तेरेझेपेक्षा लिझ्यूच्या धाकट्या तेरेझेचा ठसा अधिक आहे. १८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिच्या तोंडाशी प्रथम रक्त आले तेव्हा तिने दिवा लावून पाहिले नाही. सकाळी पाहिले, आणि ती प्रियकर प्रभूची चाहूल मानून आनंदली. पुढे दीड वर्षाने, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिला क्षयाने मृत्यू आला. त्या प्रसंगाची कोमलता कोण नाकारील? पण तो प्रसंग एका आत्म्याच्या उत्कट प्रीतीचा आहे. आमच्या धर्मग्रामातील मुलींनी अंधारात थांबावे यासाठी दिलेला नियम नव्हे. थोरल्या तेरेझेने दिवा लावून पाहिले आणि पाहिलेले लिहून ठेवले. ख्रिस्तसभेने दोघींनाही आचार्यपद दिले आहे; प्रवचनात एकीचीच बाजू ऐकू येते.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदी परका वाटू नये. सतराव्या शतकातील संत बहिणाबाई यांनी आपल्या आत्मपर अभंगांत लाडक्या वासराच्या मृत्यूनंतर काही दिवस आलेली बेशुद्धी आणि भोवतालच्यांचे वागणे नोंदविले आहे. देहाचे बोलणे भक्तीच्या ग्रंथात येऊ शकते, हे आपल्या भाषेनेही मान्य केले आहे.

या पुस्तकात दोष नाहीत असे नव्हे. काळाचा धागा अनेकदा तुटतो. महिन्यांचा हिशेब लावताना वाचक गोंधळतो. स्वतःला हीन लेखण्याची तिची रीत इतकी वारंवार येते की आजच्या वाचकाला ती थकविते. परीक्षकांच्या नजरेपुढे लिहिणाऱ्या स्त्रीचे ते चिलखत होते, हे ध्यानी घ्यावे लागते. 'परिपूर्णतेचा मार्ग' या ग्रंथात तर ती किरकोळ डोकेदुखीचे निमित्त करून उपासना चुकविणाऱ्या भगिनींची चांगलीच थट्टा करते, आणि ती थट्टा वाचून आमच्यासारख्यांना आपला उपदेश योग्यच होता असे वाटू शकते. परंतु त्याच ठिकाणी ती बजावते की, दुखणे खरे असेल तर सांगावे आणि उपाय करावा. 'अंतर्दुर्ग' हा १५७७ चा ग्रंथ याहून स्पष्ट आहे. तासन्‌तास निपचित पडून राहण्याला समाधी समजणाऱ्या एका स्त्रीची गोष्ट तिथे येते. तिचे मार्गदर्शकही फसले होते. तेरेझेचा उपाय असा की, तिला जेवू घालावे, झोपू द्यावे, तपाचरण कमी करावे. देवाचे नाव घेण्यापूर्वी अन्न आणि झोप यांची विचारपूस करणारी ही दृष्टी तिला बेसेदासच्या अंथरुणावर मिळाली असावी, असे आम्हांला वाटते. तिच्या अध्यात्माचे मोठेपण या विवेकातही आहे, आणि आमच्या परीक्षेत त्यावर प्रश्न नव्हता.

शुभवर्तमानातील एक आठवण इथे अपरिहार्यपणे येते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री. संत मार्क सांगतो की, तिने अनेक वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, होते ते सर्व खर्चिले आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले. ती प्रभूच्या वस्त्राला शिवते, बरी होते. कथा इथेच संपू शकली असती; याईराची मुलगी मरणपंथाला लागली होती, प्रभूला घाई होती. तरी तो थांबतो, आणि ती स्त्री त्याच्यापुढे सर्व खरे ते सांगते. बरी झालेल्या स्त्रीची कहाणीदेखील ऐकून घ्यावयाची होती. ती बोलत असताना त्या गर्दीत शिष्य किती चुळबुळत असतील, याची कल्पना आम्ही स्वानुभवाने करू शकतो.

म्हणून आमचे मत असे की, तेरेझेच्या आत्मचरित्रातील आरंभीची प्रकरणे प्रार्थनेच्या प्रकरणांची निव्वळ प्रस्तावना म्हणून वाचू नयेत. एका तरुण स्त्रीने आपल्या देहाची दिलेली ती साक्ष आहे. साक्ष अपुरी ऐकून दिलेला निवाडा अन्यायाचा ठरतो, मग तो वैद्याचा असो, बापाचा असो की धर्मगुरूचा. दुःख अर्पण करण्याची शिकवण आम्ही सोडलेली नाही. अर्पण करावयाचे ते आधी नीट पाहिलेले, नाव विचारलेले असावे, आणि ते नाव शोधण्यासाठी जाणत्या डॉक्टरांकडे पाठविणे हा आमच्या सेवेचाच भाग आहे, एवढी भर त्यात घातली आहे.

गेल्या १५ ऑक्टोबरला आम्ही जुनी वही काढली नाही. पाचवे आणि सहावे प्रकरण आमच्या शब्दांत सांगितले. मेण, चादर, एक हलणारे बोट, काही गाळले नाही. प्रवचन नेहमीपेक्षा लांबले. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी तिघी जणी थांबल्या होत्या. त्यांतील एकीच्या हातात जुन्या रिपोर्टांची पिशवी होती. आम्ही खुर्च्या मागविल्या.